मौखिक इतिहास : मुलाखत आणि संकलन

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला मौखिक इतिहासाचे महत्त्व सांगता येईल, तसेच मुलाखत घेण्याची व तिचे संकलन करण्याची पद्धती समजेल.

प्रस्तावना
कार्यालयातील कागद बहुधा झालेला निर्णय सांगतो. तो निर्णय ज्यांनी राबवला किंवा सोसला, त्यांचे म्हणणे त्यात क्वचितच येते. अशा व्यक्तींच्या आठवणी मुलाखतीद्वारे ध्वनिमुद्रित करून जतन केल्या जातात. इतिहासाच्या या साधनाला मौखिक इतिहास म्हणतात.

दोन उदाहरणे
बंगळुरू येथील नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस या संशोधनसंस्थेच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास २०१७ साली एका प्रदर्शनातून मांडण्यात आला. त्यासाठी पत्रे व छायाचित्रे यांबरोबरच संस्थेशी संबंधित अनेकांच्या मुलाखतींचा आधार घेण्यात आला. २०१९ साली तेथे अभिलेखागार सुरू झाले. शोधनिबंधात केवळ निष्कर्ष येतो. त्यामागील अडचणी, मतभेद आणि फसलेले प्रयत्न मुलाखतीतून कळतात.

मराठीतही असे मोलाचे कार्य झाले आहे. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत सहभागी झालेल्या स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी मिळवल्या. त्यांतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध झाला. या आठवणी वेळीच नोंदवल्या नसत्या, तर त्यांतील कित्येक त्या स्त्रियांबरोबरच लुप्त झाल्या असत्या.

मुलाखत कशी घ्यावी?
प्रथम विषयाची माहिती मिळवावी. मुलाखतीचा हेतू निवेदकाला, म्हणजे आठवणी सांगणाऱ्या व्यक्तीला, समजावून सांगावा आणि ध्वनिमुद्रणास संमती घ्यावी. प्रश्नात उत्तर दडलेले नसावे. ‘तेव्हा तुम्हाला फार त्रास झाला ना?’ असे न विचारता ‘त्या दिवशी काय घडले?’ असे विचारावे. निवेदक थांबल्यास लगेच दुसरा प्रश्न करू नये; महत्त्वाची आठवण पुष्कळदा अशा शांततेनंतरच येते.

संकलन
मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवून त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी जतन करावी. दिनांक, स्थळ व नावे नोंदवावीत. लेखी प्रत तयार करताना निवेदकाची बोली ‘शुद्ध’ करू नये, कारण त्याचे जगणे त्या बोलीतच व्यक्त झालेले असते. ही प्रत त्याला वाचून दाखवावी. एखादा भाग प्रसिद्ध करू नये असे त्याने सांगितल्यास ती इच्छा पाळावी.

स्मृती आणि सत्य
इटलीतील तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. अनेक कामगारांनी मात्र पुढे ही घटना १९५३ च्या कामगारकपातीच्या काळातील म्हणून सांगितली. इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक ओळखली, पण त्या आठवणी टाकून दिल्या नाहीत. सहकाऱ्याचा मृत्यू आणि गेलेला रोजगार हे दोन्ही घाव कामगारांच्या मनात एकत्र झाले होते, हे त्यांनी दाखवले. म्हणून घटनेचा काळ कागदपत्रांवरून पडताळावा आणि तिचा अर्थ आठवणीत शोधावा.

स्वाध्याय
१. निवेदकाची संमती का आवश्यक असते?
२. चुकीची आठवणही इतिहासकाराला कशी उपयोगी पडते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या वृद्ध कामगाराच्या मुलाखतीसाठी पाच प्रश्न तयार करा.