जैव डिझेल आणि आजची मोटारगाडी

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहानसे डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून हा प्रयोग झाला. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. तेथील यंत्रांना लागणारे इंधन तेथेच निर्माण व्हावे, असा त्यामागील हेतू होता. एंजिन इतके सुरळीत चालले की, इंधन निराळे आहे हे फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले. या एंजिनाचा जनक रूडॉल्फ डिझेल याने १९१२ साली या प्रयोगाचा मुद्दाम उल्लेख करून ठेवला आहे.

वनस्पतितेलावर डिझेल एंजिन चालू शकते, ही गोष्ट याप्रमाणे शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. तथापि आज डिझेल मोटारगाडीसोबत मिळणारी पुस्तिका उघडून पाहिली, तर जैव डिझेल ठरावीक प्रमाणापलीकडे वापरू नये, अशी सूचना तीत बहुधा आढळते. १९०० साली जे साधले ते आज का साधू नये? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आपला देश आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो. शेतातील व रानातील तेलबियांतून त्याचा थोडा जरी वाटा निघाला, तरी तो हवाच आहे. परंतु त्यापायी सामान्य माणसाची मोठ्या कष्टाने घेतलेली गाडी निकामी होता कामा नये. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

तेल आणि जैव डिझेल

वनस्पतितेल व जैव डिझेल हे एकच पदार्थ नव्हेत, हे प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या अवजड रचनेमुळे तेल दाट असते. द्रवाच्या दाटपणाला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. ४०° से. तापमानाला डिझेलची श्यानता दर सेकंदास सुमारे २ ते ४.५ चौरस मिलिमीटर असते, तर बहुतेक खाद्यतेलांची ३० ते ४० च्या घरात जाते. दाट तेलाचा बारीक फवारा होत नाही. त्याचे मोठे थेंब पुरते जळत नाहीत आणि न जळलेला भाग फवारा सोडणाऱ्या तोटीच्या तोंडाशी व दट्ट्याच्या कड्यांत कोळशासारखा साचून राहतो.

यावरील उपाय ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान या शास्त्रज्ञाने १९३७ साली घेतलेल्या बेल्जियन पेटंटात वर्णिलेला आहे. १९३८ साली पामतेलापासून त्या रीतीने तयार केलेल्या इंधनावर ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर प्रवासी बस धावली. शावानने अल्कोहोल वापरले होते. आज बहुधा मिथेनॉल वापरतात. तेलात मिथेनॉल व उत्प्रेरक म्हणून थोडा दाहक सोडा मिसळून ते तापविले असता ग्लिसरीनचा कणा सुटा होतो, आणि प्रत्येक साखळी मिथेनॉलशी जोडली जाऊन तिचे स्वतंत्र मिथिल एस्टर बनते. १०० किलोग्रॅम तेल व ११ किलोग्रॅम मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलोग्रॅम एस्टर आणि १० किलोग्रॅमच्या आसपास ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन तळाशी बसते. ते काढून उरलेले एस्टर धुऊन व वाळवून घेतले की जैव डिझेल तयार होते. त्याची श्यानता ४ ते ५ पर्यंत, म्हणजे डिझेलच्या जवळपास, खाली येते. तळणीतले उरलेले तेल फडक्याने गाळून टाकीत ओतणे म्हणजे जैव डिझेल वापरणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होईल.

इंधनाचे गुण

जैव डिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याचे ज्वलन अधिक पूर्णपणे होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. ते मुख्यतः अवजड वाहनांच्या तत्कालीन एंजिनांचे होते. त्यांनुसार डिझेलमध्ये २० टक्के सोयाबीनचे जैव डिझेल मिसळले असता धुरातील कण सुमारे १० टक्क्यांनी व कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी घटले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्क्यांनी वाढली. याच ऑक्सिजनमुळे एका लिटरमधील उष्णता डिझेलच्या मानाने सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरते. जैव डिझेलचा आणखी एक गुण म्हणजे वंगणशक्ती. डिझेलमधील गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत त्याचा मूळचा वंगणपणा कमी होतो. एक-दोन टक्के जैव डिझेल मिसळल्याने तो बराचसा भरून निघतो.

आधुनिक एंजिनाची नाजूक अंगे

आजच्या डिझेल मोटारीत सर्व सिलिंडरांना मिळून एकच उच्च दाबाची नळी असते. तिच्यातील इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन हजार पटींपर्यंत, व काही एंजिनांत त्याहूनही अधिक, चढतो. तेथून ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या बारीक छिद्रांतून सिलिंडरात उडते. पंपाच्या व अंतःक्षेपकाच्या सरकत्या भागांमधील फट अवघी काही सहस्रांश मिलिमीटर असते. अशा ठिकाणी जैव डिझेलात राहून गेलेले ग्लिसरीन, साबणाचा अंश किंवा पाण्याचा थेंब हे सारे शत्रूच होत.

दुसरा धोका ऑक्सिडीभवनाचा. जवसाच्या तेलाचा पातळ थर हवेत ठेवला असता वाळून त्याचा कडक पापुद्रा बनतो, हे रंगाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. जैव डिझेलमधील असंतृप्त साखळ्याही हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात. त्यांतून अम्ले व चिकट राळ निर्माण होते. तांबे, पितळ, जस्त व शिसे हे धातू या क्रियेला वेग देतात. म्हणूनच युरोपीय मानकानुसार जैव डिझेल ११०° से. तापमानाला हवेच्या झोतात निदान ८ तास टिकले पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे जैव डिझेल उत्तम विद्रावक आहे. जुन्या गाडीच्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ ते सोडविते आणि तो गाळणीत येऊन अडकतो. नैसर्गिक रबराच्या नळ्या व चकत्या त्यामुळे फुगतात वा मऊ पडतात. फ्लुओरीनयुक्त कृत्रिम रबरावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही.

काजळीची गाळणी आणि वंगण तेल

वरील अडचणी इंधनाची शुद्धता व योग्य पदार्थांचे भाग यांनी बऱ्याच अंशी टाळता येतात. खरी अडचण मात्र एंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, धुराच्या नळीत, उद्भवते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन-मर्यादा देशभर लागू झाली. तिच्यानुसार डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागे जास्तीत जास्त ४.५ मिलिग्रॅम कण बाहेर टाकता येतात. आधीच्या टप्प्यात ही मर्यादा २५ मिलिग्रॅम होती. ती पाळण्यासाठी धुराच्या मार्गात काजळी अडविणारी सच्छिद्र गाळणी बसवावी लागते. काजळीने ती भरत आली की, तिचे तापमान ६००° से. च्या आसपास नेऊन काजळी जाळून टाकावी लागते. अनेक मोटारींत ही उष्णता मिळविण्यासाठी दट्ट्या खाली जात असताना, म्हणजे मुख्य ज्वलन आटोपल्यावर, सिलिंडरात इंधनाचा एक जादा फवारा सोडतात.

या उशिराच्या फवाऱ्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो व कड्यांतून झिरपून खालच्या वंगण तेलात उतरतो. डिझेलचे हलके घटक त्या गरम तेलातून उडून जातात. जैव डिझेल मात्र सुमारे ३३०° ते ३६०° से. तापमानाला उकळत असल्याने तेथेच राहते. साहजिकच वंगण तेल पातळ होते. पुढे त्यात शिरलेल्या एस्टरांचे ऑक्सिडीभवन होऊन गाळ बनतो. वंगण तेलाची शक्ती अशी खचली की, धारव्यांची झीज सुरू होते. हे नुकसान चालकाला लगेच दिसत नाही, म्हणून ते अधिक घातक होय. शिवाय उत्प्रेरकातून राहून गेलेले सोडियम वा पोटॅशियम जळून त्याची राख होते. काजळी जाळता येते. राख जाळता येत नाही. ती गाळणीत कायमची घर करते.

थंडी आणि साठवण

खोबरेल हिवाळ्यात थिजते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याच कारणाने पामतेलाचे जैव डिझेल सुमारे १५° से. तापमानाला गढूळ होऊ लागते, तर रेपसीडचे शून्याखाली काही अंशांपर्यंत स्वच्छ राहते. कोकणात निर्धोक असलेले इंधन उत्तरेकडील थंडीत गाळणी तुंबवू शकते. जैव डिझेल हवेतील ओलावाही अधिक शोषते, आणि टाकीच्या तळाशी पाणी साचले की तेथे सूक्ष्मजंतू वाढतात. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते भरून ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर नाही.

निरनिराळ्या देशांचा अनुभव

जर्मनीत १९९० नंतरच्या दशकात काही कारखानदारांनी आपल्या काही मोटारींसाठी रेपसीडच्या शुद्ध जैव डिझेलला मान्यता दिली होती. काजळीची गाळणी आल्यावर नव्या मोटारींना ती मिळेनाशी झाली. आपल्याकडे भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने मोगली एरंडापासून तयार केलेल्या शुद्ध जैव डिझेलवर २००४ साली मर्सिडीज मोटारी सुमारे ६,००० किलोमीटर चालविण्यात आल्या. चांगल्या प्रतीचे इंधन काय करू शकते हे त्यातून दिसले. परंतु तो अनुभव आजच्या उत्सर्जन-मर्यादेपूर्वीचा आहे, हे विसरता येत नाही.

उलट, अमेरिकेत २०१४ च्या शेव्हरोले क्रूझ डिझेल मोटारीला, काजळीची गाळणी असूनही, २० टक्के मिश्रणाची मान्यता कारखानदारानेच दिली होती. मिनेसोटा राज्यात २०१८ पासून उन्हाळी महिन्यांत २० टक्के व थंडीत ५ टक्के मिश्रण असा नियम आहे. इंडोनेशियाने २०२० साली ३० टक्के मिश्रण सक्तीचे केले. युरोपातील सर्वसाधारण डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत जैव डिझेल असू शकते. भारतीय मानक १४६० नेही तीच मर्यादा मान्य केली आहे. ६ ते २० टक्के मिश्रणांसाठी स्वतंत्र मानक आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट आजच्या गाड्यांना सहज पेलणारे आहे. अडचण आहे ती पुरेसे तेल मिळण्याची. २००३ नंतर मोगली एरंडाच्या लागवडीवर बांधलेली २० टक्क्यांची आशा फळाला आली नाही, ती एंजिनामुळे नव्हे, तर अपेक्षेइतके बी न पिकल्यामुळे.

निष्कर्ष

एकंदरीत पाहता असे म्हणता येईल की, मानकास उतरलेले जैव डिझेल ७ टक्क्यांपर्यंत असल्यास आजच्या डिझेल मोटारीस भय नाही. २० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण, कारखानदाराने त्या गाडीस स्पष्ट मान्यता दिली असेल तरच वापरावे. वंगण तेल व गाळण्या त्याने सांगितलेल्या मुदतीतच बदलाव्यात. काजळीची गाळणी असलेल्या गाडीत शुद्ध जैव डिझेल भरणे सुरक्षित नाही, आणि कच्चे तेल तर कोणत्याच आधुनिक मोटारीत भरू नये. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या, चाचणीचा दाखला नसलेल्या इंधनाला केवळ जैव डिझेल या नावावरून भुलणे महागात पडते.

तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातील ऑक्सिजन काढून टाकण्याची दुसरी एक रीत आज प्रचारात आहे. तिच्यातून मिळणारे इंधन एस्टर नसून डिझेलप्रमाणेच हायड्रोकार्बनांचे बनलेले असते. त्यामुळे वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्यास लागू पडत नाहीत. मूळ तेल एकच असले तरी त्यावरील प्रक्रियेनुसार इंधनाचे गुण बदलतात. तेव्हा ते कोणत्या बीपासून निघाले एवढेच न विचारता त्याचे रेणू कसे आहेत आणि ते कोणत्या एंजिनात जाणार आहे, हेही विचारले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वनस्पतितेल व जैव डिझेल यांच्या रेणूंत कोणता फरक आहे? त्याचा श्यानतेवर काय परिणाम होतो?

२. वंगण तेलात शिरलेले डिझेल बरेचसे उडून जाते, पण जैव डिझेल तेथेच राहते. याचे कारण सांगा.

३. आपल्या गावातील हिवाळ्याचे किमान तापमान पाहून, तेथे पामतेलाचे शुद्ध जैव डिझेल वर्षभर साठविता येईल का, याचा विचार करा.