अस्सल की नकली?

मुलांनो, समजा, आज रविवार आहे. अम्मीने कपडे भिजवून धुलाई यंत्रात टाकले आहेत. तिने बटण फिरवले. पण यंत्र फिरत नाही. आतून नुसता 'हूं' असा आवाज येतो. थोड्या वेळाने जळका वास येऊ लागतो. अम्मी घाईघाईने वीज बंद करते. अब्बा कारागिराला बोलावतात. तो यंत्राचे मागचे झाकण काढतो, आत पाहतो आणि म्हणतो, "मोटर जळाली. दुसरी बसवावी लागेल. कंपनीची बसवू, की साधी? साधी निम्म्या किमतीत मिळेल."

घरातले सगळे एकमेकांकडे पाहतात. महिनाअखेर आहे. अशा वेळी तुम्ही काय सल्ला द्याल?

'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द तुम्हांला परके नाहीत. तुम्ही उर्दूत 'असल' म्हणता. मराठीत त्याचाच 'अस्सल' झाला. शब्द ओळखीचे आहेत; वस्तू ओळखणे मात्र कठीण आहे.

आधी मोटर कशी चालते ते पाहू. भिवंडी किंवा मालेगावच्या मुलांना मोटर नवीन नाही. यंत्रमागाची खडखड ऐकतच ती मोठी होतात. मोटरमध्ये बारीक तारेची वेटोळी असतात. तारेवर पातळ लेप असतो. त्यामुळे एका वेढ्यातील वीज शेजारच्या वेढ्यात जात नाही. तारेतून वीज वाहिली, की वेटोळ्यांत चुंबकत्व निर्माण होते आणि मधला दांडा फिरू लागतो. दोन टाक्यांच्या धुलाई यंत्रात अशा दोन मोटरी असतात. एक कपडे घुसळते, दुसरी कपडे पिळते.

मग नकली मोटर स्वस्त कशी पडते? ती बनवणारा आतल्या मालात काटकसर करतो. तांबे महाग असते. म्हणून तो तार बारीक वापरतो किंवा तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार घालतो. वरून तांबूस लेप दिला, की पाहणाऱ्याला फरक कळत नाही. अ‍ॅल्युमिनियममधून वीज तांब्याइतक्या सहज वाहत नाही. तेच काम करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची तार सुमारे दीडपटीहून अधिक जाडीच्या छेदाची घ्यावी लागते. काही चांगले कारखानेही अ‍ॅल्युमिनियम वापरतात. पण ते तार जाड घेतात. नकली मोटरीत तारही बारीक आणि लेपही हलका. मग मोटर तापते. कारागिरांचा एक ठोकताळा आहे: मोटर ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 अंश सेल्सिअस अधिक तापत राहिली, तर तिच्या लेपाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

चांगल्या मोटरीत आणखी एक लहानसा भाग असतो. मोटर फार तापली, की तो वीज आपोआप तोडतो. पुष्कळ नकली मोटरींत हा भाग नसतोच. मग तार जळते. कधी आगही लागू शकते. तारेचा लेप जळून तार मोटरच्या पत्र्याला टेकली, तर यंत्राच्या अंगात वीज उतरते. धुलाई यंत्राजवळ जमीन ओली, हात ओले. त्या यंत्राला हात कोण लावणार? तुमची अम्मी किंवा तुमची बहीण. म्हणजे प्रश्न केवळ पैशांचा नाही.

बाजारात मात्र 'कंपनीची' आणि 'साधी' असे दोनच प्रकार नसतात, तीन असतात. पहिली, यंत्र बनवणाऱ्या कंपनीचीच मोटर. दुसरी, दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेली आणि हमी देऊन विकलेली मोटर. ही स्वस्त असते. पण नकली नसते. तिसरी, दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह चोरून विकलेली. हीच खरी नकली. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार असा माल बनवणे व विकणे हा गुन्हा आहे.

ती कशी ओळखावी? जुनी मोटर बरोबर घेऊन दुकानात जा. तिच्या पट्टीवरचे व्होल्ट, वॅट आणि फेऱ्यांचे आकडे नव्या मोटरीशी ताडून पाहा. दांड्याची लांबी मोजा. दोन्ही मोटरी हातात धरून वजन पाहा. नवी फारच हलकी लागली, तर कारण विचारा. नावातील अक्षरे नीट वाचा. एखादे अक्षर बदललेले असते. आयएसआय चिन्ह सर्वच मोटरींवर नसते. पण असेल, तर त्याखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तपासता येतो.

पक्की पावती मागायला लाजू नका. पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. फसवणूक झाली, तर 1915 या क्रमांकावर तक्रार सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आता कारागिराला नम्रपणे विचारा, "चाचा, कपॅसिटर तपासला का?" हा लहान डबा मोटर सुरू होण्यास मदत करतो. तो निकामी झाला, तर मोटर फिरत नाही, नुसती 'हूं' करते आणि तापून जळते. जुना कपॅसिटर तसाच ठेवला, तर नवी अस्सल मोटरही जळेल. तसेच हिरवी तार जोडली आहे का, तेही पाहायला सांगा. ती यंत्रात उतरलेली वीज जमिनीत नेते. तीन पिनांच्या प्लगमधील लांब आणि जाड पिन तिच्यासाठीच असते.

तर मग सल्ला काय द्याल? पैसे असतील, तर कंपनीची मोटर. नसतील, तर दुसऱ्या कारखान्याची, पण त्याच्या स्वतःच्या नावाची, हमीची आणि पावतीची. तेही जमत नसेल, तर महिनाभर हातांनी कपडे धुवू. अम्मीला आपण सगळे मदत करू. पण चोरलेल्या नावाची मोटर घरात नको. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. पारखून घेणारा मात्र सहसा फसत नाही.

शब्दार्थ
वेटोळे : गुंडाळलेल्या तारेचे कडे
काटकसर : खर्च कमी करणे
ठोकताळा : अनुभवावरून बांधलेला अंदाज
ताडून पाहणे : दोन गोष्टी शेजारी ठेवून तपासणे
अनुचित : योग्य नसलेले
पारखणे : खरे-खोटे तपासणे

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारेवर लेप कशासाठी असतो?
(आ) हिरव्या तारेचे काम कोणते?
2. कारणे लिहा.
(अ) नकली मोटर लवकर जळते.
(आ) 'स्वस्त मोटर म्हणजे नकली मोटर' असे म्हणता येत नाही.
3. तुमच्या घरातील एका विजेच्या वस्तूवरील पट्टी वाचा व तिच्यावरील आकडे वहीत लिहा.