बालकाच्या कलाने शिक्षण

बालकाच्या कलाने शिकविण्याची पद्धत शहरांतील सुखवस्तू घरांपुरतीच आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. मॉंटेसरी पद्धतीची महाग साधने पाहिली की तो अधिकच दृढ होतो. श्रीमती ताराबाई मोडक यांनी तो खोटा ठरविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथली. पुढे १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच कार्य चालले. मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणातच शाळा भरे. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर निघाले, तेव्हा त्यांना कडेवर वागविणाऱ्या बहिणी वर्गात बसू शकल्या. साधने म्हणजे खडे, शिंपले, पाने, बिया.

सुप्याच्या परिसरात शिंपले नाहीत. परंतु चिंचोके, बाभळीच्या शेंगा आणि कडब्याची ताटे आहेत. ताटाच्या भेंडाची बैलगाडी करणारे मूल दोन्ही बाजूंचे तुकडे सारख्या लांबीचे तोडते. ते मापनच होय. चिंचोक्यांच्या ढिगातून मूल आपण होऊन पाच-पाचांच्या ओळी लावू लागले, की ‘पाच’ हा शब्द द्यावा व मागाहून अंक. त्याआधी अंक गिरवून घेतल्याने बोटे दुखतात, संख्या कळत नाही. (तीन वर्षांच्या आतील मुलांपुढे मात्र चिंचोके ठेवू नयेत; ती नाकात घालतात.)

रोज अर्धा तास चार-पाच साधने मुलांच्या हाताला येतील अशी मांडावी, निवड त्यांच्यावर सोडावी आणि शिक्षकाने वही घेऊन बाजूस बसावे. कोणते मूल काय घेते, कोठे अडते, किती वेळ रमते, हे टिपणे कष्टाचे आहे. पाटी गिरवावयास लावणे त्या मानाने सोपे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकच धरला असल्याने पहिली-दुसरीच्या शिक्षकांसही हे काम टाळता येणार नाही.

खरी कसोटी लागते ती ऊसतोडीच्या हंगामात मध्येच दाखल झालेल्या मुलापाशी. ते कित्येक दिवस बोलत नाही, कोपरा सोडत नाही. त्याला प्रश्न विचारू नयेत. साधने त्याच्या कोपऱ्याजवळ सरकवावीत. त्याने धाकट्या बहिणीस सोबत आणले असल्यास तिलाही जवळ बसू द्यावे. तिला परत धाडले, की दुसऱ्या दिवशी दोघेही येत नाहीत.