स्वमग्नता आणि भावंडांसाठी चित्रवही

नागपुरातील आमच्या चिकित्सालयात एका स्वमग्न बालकाच्या पाच वर्षांच्या बहिणीने विचारले, "तान्ह्या पोळ्याला दादा लाकडी बैल ओढत नाही, नुसती चाकं फिरवतो. तो वेडा आहे का?" पालक निरुत्तर झाले.

स्वमग्नता हे मेंदूच्या विकासातील वेगळेपण होय. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे वर्णन केले. चरकोक्त उन्मादाशी तिची सांगड घालणे योग्य नव्हे. परंतु बालकास व्याख्या कळत नाही, चित्र कळते. 'सेसमी स्ट्रीट'नेही ज्यूलिया हे स्वमग्न पात्र २०१५ मध्ये प्रथम चित्रकथेतूनच मुलांपुढे आणले.

आम्ही मातेस चार पानांची चित्रवही करावयास सांगितले. दादाला फिरते चाक आवडते. मारबतीच्या मिरवणुकीत तो कान झाकतो, कारण ढोलाचा आवाज त्याला सोसत नाही. पाणी हवे असता तो आईचा हात धरून माठाकडे नेतो. शेवटच्या पानावर दोघे मिळून चाक फिरवितात. प्रत्येक पानावर एकच कृती व तिचे कारण असावे. 'दादा बरा झाला' असा शेवट मात्र कदापि नसावा. ती खोटी आशा ठरते.

पुढील भेटीत बहिणीने स्वतः पाचवे पान काढून आणले होते. वैद्यबंधूंनी रुग्णाच्या भावंडांचे प्रश्नही ऐकावेत, ही विनंती.