नाबोथाचा मळा आणि बांदा बेटे

(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय २१)

अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा कसा बळकाविला, हे आपणांस ठाऊक आहेच. राजाच्या शिक्क्याची पत्रे गेली, खोटे साक्षी उभे राहिले, आणि न्यायाच्या नावाने निर्दोष मनुष्याचा जीव घेतला गेला. अशीच एक गोष्ट इंडोनेशिया देशातील बांदा बेटांत घडली.

त्या काळी जगास लागणारे जायफळ व जायपत्री बहुतेक याच लहानशा बेटांतून जात असे. तेथे राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे प्रतिष्ठित पुढारी कारभार पाहत. सन १६०२ त स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने काही पुढाऱ्यांकडून असा करार करून घेतला की, जायफळ आम्हांसच विकावे. परंतु कंपनी भाव थोडा देई व पुरेसे धान्य आणीत नसे. म्हणून लोक जुन्या गिऱ्हाइकांसही माल विकीत राहिले. सन १६०९ त त्यांनी डच सेनापती फेरहूफ यास दगा देऊन मारिले, हेही लपवू नये.

सन १६२१ त गव्हर्नर जनरल यान कून आरमार घेऊन आला. करार मोडल्याचा ठपका ठेवून ४४ पुढाऱ्यांचा वध करण्यात आला. सुमारे १५,००० वस्तीपैकी अजमासे एक हजारच बेटांत उरली. बाकीचे लढाईत व उपासमारीने मेले, गुलाम झाले, किंवा पळाले. जमिनीचे ६८ वाटे करून गुलामांकडून मळे करविले. आणि हा कून आपल्या पत्रांतून देवाचे नाव घेत असे!

सन १६२९ त कून मरण पावला. त्याच वर्षी मलायी भाषेतील मत्तयाचे शुभवर्तमान हॉलंडात छापले गेले. ते वाचणाऱ्यास कळते की, प्रभूचे वचन लोभ्याची बाजू घेत नाही, त्याला दोषी ठरविते. पळून केई बेटांत गेलेल्यांचे वंशज आजही आपली बांदा भाषा बोलतात.

बंधूंनो, आपल्या गावीही निरक्षर मनुष्याचा अंगठा कागदावर घेऊन त्याचे शेत बळकाविले जाते. तेथे साक्षीदार म्हणून ख्रिस्ती मनुष्याचे नाव नसावे.

प्रश्न : १. करार कागदावर होता, तरी तो न्याय्य होता काय? २. एलीयाने अहाबास काय विचारिले? ३. शेजाऱ्यास न समजलेल्या कागदावर आपण साक्ष घातली आहे काय?