सोनोग्राफीत दिसलेले दोन फुगे

प्रश्न : सुनेला आठवा महिना आहे. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल होती. आता बाळाच्या आतड्यात अडथळा आहे, 'डबल बबल' दिसतोय म्हणतात. तेव्हा कसं दिसलं नाही?
– एक वाचक, नवा रायपुर

उत्तर : आधीच्या डॉक्टरांना लगेच दोष देऊ नका. बाळ गर्भजल गिळतं. जठरालगतचं आतडं बंद असेल तर ते पाणी तिथंच तुंबतं आणि पडद्यावर शेजारी शेजारी दोन काळे फुगे दिसतात. पाचव्या महिन्यात बाळ गिळतंच थोडं, त्यामुळे हा दोष तेव्हा बरेचदा निसटतो. या अडथळ्यामुळे गर्भजल फार वाढलं तर कळा लवकर येऊ शकतात. पोट ताणल्यासारखं वाटलं तर थांबू नका.

अशा सुमारे 30 टक्के बाळांत डाऊन सिंड्रोम आढळतो, म्हणून गर्भजल तपासणीबद्दल विचारा. सोबत हृदयातही दोष असू शकतो, म्हणून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल एको, तर कराच. तुमच्याच गावातलं सत्य साई संजीवनी रुग्णालय बालहृदयरोगावर मोफत उपचार करतं.

बाळंतपण मात्र बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणीच ठरवा. रायपुरचं एम्स जवळ आहे. एकटा हाच दोष असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मुलं छान वाढतात. आणि आजीबाई हौसेनं मधाचं बोट चाटवतील, त्यांना आधीच सांगून ठेवा: जन्मल्यावर थेंबभरही काही द्यायचं नाही.