टवका उडालेला कप आणि नकली खंजीर

परीकथेत "का?" असं कोणी विचारत नाही. आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. नावडती का नावडती? विचारलं की आजी म्हणायची, "मध्ये बोलू नकोस, नुसता हुंकार दे." आणि खरंच, गोष्ट दहा मिनिटांत संपणार असेल तर कारण लागतच नाही. दुष्ट राणी दुष्ट असते, राजपुत्र घोड्यावरून येतो, विषय संपला!

पण तीच परीकथा टीव्हीवर १५५ भाग चालवायची झाली, तर? मग प्रत्येक पात्राला कारण द्यावं लागतं. आणि कारण दिलं की प्रेक्षक भांडायला मोकळे. प्रस्तुत लेखाचा विषय हे भांडणच आहे.

मालिकेचं नाव 'वन्स अपॉन अ टाइम'. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २३ ऑक्टोबर २०११ ते १८ मे २०१८, एकूण सात सीझन. एडवर्ड किट्सिस आणि अॅडम होरोविट्झ हे तिचे कर्ते, आधी 'लॉस्ट'च्या लेखकांपैकी. थोडक्यात कथा अशी: दुष्ट राणी रेजिना परीकथांमधल्या सगळ्या पात्रांना शाप देऊन आपल्या जगात, मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात आणून टाकते. कोणालाच आपण कोण होतो ते आठवत नाही. स्नोव्हाइट शाळेत शिकवते, आणि राजपुत्र दवाखान्यात बेशुद्ध पडलेला! अठ्ठावीस वर्षांनी त्यांची मुलगी एमा तिथे येते आणि घड्याळ पुन्हा चालू होतं. (ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी हा लेख आत्ताच बाजूला ठेवावा. पुढे सगळं फोडलेलं आहे.)

आमच्या विंगमध्ये ही मालिका एका हार्ड डिस्कवरून आली आणि सबमिशनच्या तोंडावर आली, म्हणजे अगदी योग्य मुहूर्तावर. जर्नल लिहिता लिहिता एका कोपऱ्यात लॅपटॉप चालू. तिसऱ्या आठवड्यात दोन पक्ष पडले आणि भांडणाचा विषय होता रंपलस्टिल्टस्किन. एकाला आपण 'बिचारा पार्टी' म्हणू, दुसऱ्याला 'लबाड पार्टी'. हीच भांडणं जगभरच्या चाहत्यांत झालेली आहेत. त्यांनी तर जोड्यांना जोडनावंही दिली: रंपल आणि बेल यांचं 'रंबेल', हुक आणि एमा यांची 'कॅप्टन स्वान'.

रंपलस्टिल्टस्किन हा ग्रिम बंधूंच्या कथेतला पेंढ्याचं सोनं करून देणारा ठेंगू. तो राणीकडे तिचं मूल मागतो आणि सांगतो की जगातल्या सगळ्या खजिन्यापेक्षा जिवंत जीव मला प्यारा. का प्यारा, ते ग्रिमच्या कथेत नाही. मला वाटतं मालिकेच्या लेखकांनी नेमकं हे एक भोक हेरलं आणि त्यातून अख्खा माणूस बाहेर काढला. वर त्यालाच 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला बीस्टही केलं. रॉबर्ट कार्लाइल या नटाने ते काम असं केलंय की शिव्या देता देता माणूस हळहळतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पहिल्या सीझनचा बारावा भाग, 'स्किन डीप', फेब्रुवारी २०१२. राक्षसांच्या युद्धात बेलच्या वडिलांचं गाव बुडायला आलेलं असतं. रंपल मदतीची किंमत सांगतो: बेल कायमची माझ्या घरी कामाला. वडील नाही म्हणतात, होणारा नवरा गॅस्टन नाही म्हणतो, पण बेल स्वतः हो म्हणते. पहिल्याच दिवशी तिच्या हातून कप पडतो आणि त्याचा टवका उडतो. ती घाबरून माफी मागते, तो म्हणतो, कपच तर आहे. पुढे ती घरातले पडदे उघडते, शिडीवरून पडते, तो झेलतो वगैरे वगैरे. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. मग तो तिला पेंढा आणायला गावात पाठवतो आणि सांगतो की तू परत येशील असं काही मला वाटत नाही. म्हणजे सोडूनच देतो. वाटेत रेजिना भेटते आणि हळूच सुचवते की खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने कुठलाही शाप तुटतो. बेल परत येते, त्याचं चुंबन घेते, त्याचा चेहरा खरोखर माणसाचा व्हायला लागतो... आणि तो भडकतो! तुला राणीने पाठवलं, असं म्हणून तिला कोठडीत टाकतो. कपबश्या फोडतो. तो टवका उडालेला कप मात्र त्याच्याने फोडवत नाही. शेवटी तिला हाकलतो, आणि हाकलताना सांगतो की तुझ्यापेक्षा माझी शक्ती मला महत्त्वाची.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट बघा. त्याचं बेलवर प्रेम आहे का, हा वाद मालिकेने स्वतःच मिटवून टाकलाय. चुंबन लागू पडत होतं, म्हणजे प्रेम होतं. तरी आमच्याकडे रात्री दोनपर्यंत "प्रेम आहे", "नाही", "आहे" चालू होतं. ज्याचं उत्तर पेपरातच छापलेलं आहे तो प्रश्न सोडवण्यात काय हशील? खरा प्रश्न पुढचा आहे: प्रेम असताना त्याने हे का केलं?

बिचारा पार्टीकडे याचं भक्कम उत्तर आहे आणि ते एकोणिसाव्या भागात मिळतं. रंपल मुळात गरीब, लंगडा, भित्रा सूतकताई करणारा. सरदाराची माणसं चौदा वर्षांच्या पोरांना युद्धावर नेत असतात. स्वतःचा मुलगा बेलफायर वाचवायला तो जादूचा खंजीर चोरतो, आधीच्या 'डार्क वन'ला मारतो आणि त्याची काळी शक्ती घेतो. मुलाला असा बाप नको असतो. तो जादूची एक बी मिळवतो. तिने जमिनीत भोवरा उघडतो आणि पलीकडे जादू नसलेलं जग. दोघांनी हात धरून उडी घ्यायची. ऐन क्षणी बाप हात सोडतो. मुलगा एकटा जातो. त्यानंतरचा रंपलचा सगळा खटाटोप, रेजिनाच्या हातात दिलेला तो शापसुद्धा, त्या मुलापर्यंत पोहोचण्यासाठी. म्हणजे बेलच्या चुंबनाने शक्ती गेली असती तर मुलगा कायमचा गेला असता! मग सांगा, त्याने काय करायला हवं होतं?

युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त एक हिशेब राहतो: हे आपल्याला माहीत आहे, बेलला नव्हतं. घरात लहान मुलाचे कपडे पाहून तिने विचारलं होतं, आणि मुलगा होता, तो गमावला, एवढंच त्याने सांगितलं होतं. शक्ती त्याला शोधण्यासाठी हवी आहे हे एक वाक्य तो बोलला असता तर ती चहा करून म्हणाली असती, चल, आधी त्याला शोधू. पात्राचा हेतू तपासताना प्रेक्षकाला मिळालेली माहिती बाजूला ठेवून त्या क्षणी कोणाला काय ठाऊक होतं आणि दुसरी वाट उघडी होती का, हे पाहायला लागतं. नाहीतर पुढच्या भागात मिळालेली सहानुभूती आपण मागच्या भागातल्या कृत्याला लावून टाकतो. हे म्हणजे उत्तर पाहून मधल्या स्टेप्स लिहिण्यासारखं झालं. (या कलेत आमची विंग तरबेज आहे, पण सर लोक हे वाचणार आहेत. असो.)

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या पद्धतीने बघू. एका आउटपुटला दोन कारणं शक्य असतील तर आपण काय करतो? एक कारण काढून टाकतो आणि आउटपुट बदलतं का ते बघतो. रंपल शक्ती सोडत नाही. कारण एक, मुलगा शोधायचाय. कारण दोन, शक्ती नसलेल्या त्या लंगड्या भित्र्या माणसाची त्याला स्वतःलाच दहशत आहे. मालिकेने हा प्रयोग खरंच करून दाखवला. फेब्रुवारी २०१३च्या भागात मुलगा सापडतो. पहिलं कारण संपलं. २०१४ मध्ये तो मुलगा मरतो. आता शोधायलाही कोणी नाही. आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी रंपल बेलला मागणी घालतो, तेव्हा विश्वासाची खूण म्हणून तो खंजीर तिच्या हातात देतो. खंजीर ज्याच्या हातात, त्याच्या हुकमात डार्क वन! यापेक्षा मोठं स्त्रीधन कुठलं?

तो खंजीर नकली असतो. खरा त्याच्याकडेच. त्यालाही लगेच कारण तयार आहे, मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायचाय. सूड उगवून झाला. मग खरा खंजीर आता तरी द्यायचा ना? नाही. लग्न नकली खंजिरावरच लागतं. आउटपुट जसंच्या तसं. माझ्या मते लबाड पार्टी इथे जिंकते. पण रंपल लबाड आहे म्हणून ती जिंकते असं नाही. तो भ्यालेला आहे, आणि भीतीला दर वेळी नवं कारण सापडतं.

आमच्या विंगमधला बिचारा पार्टीचा सर्वांत जोरदार वक्ता आपल्या मैत्रिणीच्या फोनचा पासवर्ड बाळगून असतो. दर दोन दिवसांनी तपासणी. "काळजी वाटते म्हणून रे, प्रेम आहे म्हणूनच ना!" त्याच्या फोनचा पासवर्ड तिला माहीत आहे का, असं त्याला एका रात्री कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, "मालिकेबद्दल बोला." त्या रात्री नकली खंजिराचा भाग लागला होता. मालिकेबद्दलच बोलणं चाललं होतं!

पात्राला दुःखी भूतकाळ दिला की आपण किती पटकन विरघळतो याचं दुसरं उदाहरण रेजिनाचं. तिच्या डॅनियलला तिच्या आईनेच डोळ्यांसमोर मारलं. का, तर लहानग्या स्नोव्हाइटच्या तोंडून, फसवून, त्यांचं गुपित काढून घेतलं म्हणून. भाग अठरा, पाहून डोळे भरून येतात. पण त्याआधीच्या सातव्या भागात ग्रॅहम नावाचा शेरीफ मरतो. हा परीकथेतला शिकारी. त्याने स्नोव्हाइटला मारलं नाही म्हणून रेजिनाने त्याचं हृदय काढून पेटीत ठेवलेलं आणि त्याला वर्षानुवर्षं आपल्या खोलीत बोलावलेलं. हृदयच दुसऱ्याच्या पेटीत असेल तर 'हो' कोण म्हणणार आणि 'नाही' कोण म्हणणार? त्याला आठवायला लागलं त्या रात्री तिने ते हृदय चुरडलं. डॅनियलचं दुःख खरंच आहे, पण त्याचं बिल ग्रॅहमने का भरायचं? राणीच्या चाहत्यांशी या एका मुद्द्यावर मी कधीही भांडायला तयार आहे.

हुकचं फार लांबवत नाही. रंपलची बायको त्याच्याबरोबर पळाली, रंपलने तिला मारलं आणि याचा हात तोडला. पुढे सूड म्हणून यानेही बेलवर गोळी झाडली. नंतर एमापर्यंत पोहोचण्यासाठी त्याने स्वतःचं जहाज देऊन टाकलं, आणि एमाने विचारेपर्यंत सांगितलं नाही. नकली खंजिराशेजारी हे ठेवून पाहा, 'कॅप्टन स्वान'वाले इतके का वाढले ते कळेल.

या सगळ्यात बेलचा हेतू मात्र आमच्याकडे कोणी तपासला नाही. "तिचं काय, तिचं प्रेम आहे." बस्स! पण ती घरातून निघाली तेव्हा प्रेमाचा पत्ताच नव्हता. आपण शूर व्हावं अशी तिची जुनी इच्छा होती, आणि शूर कृत्य केलं की शौर्य मागून येईल असं तिचं गणित होतं. तिच्या वाट्याला आलेलं शूर कृत्य म्हणजे हा माणूस सुधारणं. त्यामुळे त्याला सोडणं तिला हार मानल्यासारखं वाटत असणार. दर वेळी ती परत का येते, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे.

डिसेंबर २०१४च्या भागात तिच्या हाती चिलखताचा एक हातमोजा लागतो. हे खरं म्हणजे मोजमापाचं यंत्र. माणसाची सर्वांत मोठी कमजोरी कुठे आहे तिकडे ते नेतं, आणि ती कमजोरी बहुधा त्याची सर्वांत प्रिय वस्तू असते. गंमत म्हणजे जुन्या काळी याच रंपलने बेलला सोडवण्यासाठी हा हातमोजा देऊन टाकलेला. आता त्याच्यावर तो वापरला तर बाण आपल्याकडे वळेल, अशी तिची समजूत. तो तिला खऱ्या खंजिराकडे नेतो. ती खंजीर उचलते, नवऱ्याला हुकूम सोडून गावच्या वेशीपर्यंत आणते आणि वेशीबाहेर जायला लावते. बाहेर जादू नाही, पाय पुन्हा लंगडा. तो रडतो, विनवतो. ती मागे फिरते.

पुढच्या काही भागांतच तो गावात परत येतो आणि हुकचं रूप घेऊन तिच्याकडून तो खंजीर काढून घेतो. बिचारा पार्टीला त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

अगदी शेवटी, मे २०१८ मध्ये, रंपल स्वतःचं हृदय काढून दुसऱ्याला जगवायला देतो. बदल्यात काही मागत नाही. आयुष्यभर सौदे करणाऱ्या माणसाचा हा बिनसौद्याचा व्यवहार, आणि त्यात तो मरतो. बेल तोवर म्हातारी होऊन गेलेली असते. लॅपटॉप बंद झाल्यावर बिचारा पार्टीने टाळ्या वाजवल्या. लबाड पार्टीतला एक जण चादर ओढता ओढता म्हणाला, "ती गेल्यावर दिलं रे. तिला तर नुसता खंजीर पाहिजे होता."